करार झाला, सह्या झाल्या. पुढे बाईच्या हाती काय?

मेघमल्हारी (मूळ धागा)

आमच्या अभ्यासगटात सध्या एकाच गोष्टीवरून जुंपली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीपुढे सरकारचा आढावा व्हायचा आहे. त्यासाठी जो शॅडो रिपोर्ट जातो, म्हणजे सरकारी अहवालाला समांतर असा संस्था-संघटनांचा अहवाल, त्यात आम्हीही दोन पानं लिहावीत असं स्त्री-संघटनांच्या एका आघाडीने सुचवलं आहे. निम्म्या जणी तयार आहेत. उरलेल्यांचं म्हणणं, जिनिव्हात बसलेल्या तज्ज्ञांना कागद पाठवून आजवर कुठल्या बाईचा मार चुकला?

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: सीडॉ म्हणजे स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार. आमसभेने तो १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला, ३ सप्टेंबर १९८१ पासून तो लागू आहे. कलमं ३०, बांधील देश १८९. करार पाळला जातोय का हे २३ तज्ज्ञांची समिती पाहते आणि प्रत्येक देशाने साधारण दर चार वर्षांनी तिच्यापुढे हिशेब मांडायचा असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर "ताई तटस्थ नाहीत" असं ऐकावं लागणार नाही. करारांचा उपयोग होतो. पण आपला सगळा दम परिषदेपर्यंतच संपतो. घोषणापत्र, टाळ्या, सामूहिक फोटो. त्यानंतरच्या रटाळ कामाला माणूस मिळत नाही. सरकारने सही करताना कुठल्या कलमावर हरकत राखून ठेवली, ती मागे घ्यायला लावायची कशी, अहवाल किती वर्षं रखडलाय, वैयक्तिक तक्रारीची सोय आपल्याला लागू आहे की नाही, या प्रश्नांवर सभा घेऊन बघा, खुर्च्या रिकाम्या राहतात. आणि माझ्या मते बाईच्या पदरात जे काही पडतं ते इथूनच पडतं.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा. नुसतं "छान विषय" नको.

उंटावरचा

छान विषय.

तिरकस

मी तुमच्या गटातल्या दुसऱ्या निम्म्यांच्या बाजूने.

दोनच देश बघा. अफगाणिस्तानने २००३ साली सीडॉ मंजूर केला, तोही एकाही कलमावर हरकत न घेता. आज तिथे सहावीनंतर मुलींना शाळेचं दार बंद आहे. अमेरिकेने १९८० साली सही केली, पण सिनेटची मंजुरी आजतागायत मिळालेली नाही. म्हणजे ज्याने विनाअट मान्य केलं तिथे बाई घरात कोंडलेली, आणि ज्याने मान्यच केलं नाही तिथे ती न्यायाधीश, अंतराळवीर, सगळं काही. मग कराराचा आणि बाईच्या स्थितीचा संबंध काय राहिला?

बरं, मोडला तर शिक्षा काय? समिती "चिंता व्यक्त करते". सरकार म्हणतं "नोंद घेतली". चार वर्षांनी पुन्हा तोच प्रयोग, नटसंच तोच. विमानाचं तिकीट तेवढं खरं.

काळा कोट

तिरकस, अफगाणिस्तानचं उदाहरण तुम्ही घेतलंत ते बरं केलंत. ते तुमच्याच अंगावर येतं.

सीडॉचं कलम २९ असं आहे: करारावरून दोन देशांत वाद झाला तर आधी वाटाघाटी, त्या फसल्या तर लवाद, आणि लवादाची जुळवाजुळव सहा महिन्यांत झाली नाही तर आंतरराष्ट्रीय न्यायालय. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी अफगाणिस्तानविरुद्ध याच वाटेने जाणार असल्याचं जाहीर केलं. राजवट बदलली तरी देश बांधील राहतो. आणि २००३ साली हरकत घेतली नव्हती म्हणूनच हे दार उघडं राहिलं. कलम २९ वर हरकत राखून ठेवणाऱ्यांची यादी लांबलचक आहे, भारतही तिच्यात आहे. त्यांना या दाराने कोर्टात ओढता येत नाही. मेघमल्हारी म्हणतात ते रटाळ काम किती महत्त्वाचं, ते इथे कळतं.

अमेरिकेबद्दल: कलम ११ पगारी बाळंतपणाची रजा किंवा तशाच सामाजिक लाभाची हमी मागतं. अमेरिकेत खासगी नोकरी करणाऱ्या बाईला पगारी रजेची अशी हमी देणारा केंद्रीय कायदा अजून नाही. अंतराळवीर झाली म्हणजे सगळं मिळालं असं नसतं.

आता शिक्षेचा मुद्दा. पोलीस पाठवणारा करार कुठलाच नाही, हे मान्य. पण "मार चुकला का" असं धाग्यात विचारलंय, तर एक प्रकरण सविस्तर सांगते. कागदपत्रांत नाव गुप्त आहे, ए. टी. एवढंच. हंगेरीतली बाई. नवरा, म्हणजे लग्नाशिवाय सोबत राहणारा जोडीदार, वर्षानुवर्षं मारत होता. दोन मुलं, त्यातलं एक गंभीर अपंग. निवारागृहात जावं तर अपंग मुलाची सोय असलेलं एकही नाही. घरात घेऊ नये म्हणावं तर त्याला दूर ठेवणारा मनाईहुकूम त्यांच्या कायद्यातच नाही. आणि कोर्टाने काय म्हणावं? त्याचाही घरावर हक्क आहे, त्याला येऊ द्या. तिने सीडॉ समितीकडे तक्रार केली. २००५ साली समितीने निकाल दिला: बाईचा जगण्याचा आणि शारीरिक-मानसिक सुरक्षिततेचा हक्क मालमत्तेच्या किंवा खासगीपणाच्या हक्काखाली दाबता येणार नाही, आणि राज्याने तिचं रक्षण न करणं हाच करारभंग. मनाईहुकमाची तरतूद हंगेरीत त्यानंतर आली.

ही तक्रार करता आली ती १९९९ च्या ऐच्छिक प्रोटोकॉलमुळे. तो वेगळा दस्तऐवज आहे, त्यावर वेगळी मंजुरी लागते. भारताने ती दिलेली नाही, अमेरिकेचा तर प्रश्नच नाही. आधी आपल्याकडचे न्यायालयीन उपाय संपवावे लागतात, मगच तिकडे जाता येतं.

तिरकस

म्हणजे आधी मरेस्तोवर कोर्टाच्या पायऱ्या झिजवा, मग जिनिव्हाच्या.

काळा कोट

हो. ब्राझीलच्या प्रकरणात तर मेल्यानंतरच. २००२ साली एक गरोदर तरुणी खासगी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळाल्याने, मग दुसऱ्या रुग्णालयात नेण्यात तासन् तास गेल्याने वारली. तक्रार तिच्या आईने केली. सरकार म्हणालं, चूक खासगी दवाखान्याची. २०११ साली समितीने सांगितलं, खासगी सेवेवर लक्ष ठेवणं हेही राज्याचंच काम आहे. बाळंतपणातला टाळता येणारा मृत्यू हा मानवी हक्कांचा भंग ठरवणारा आंतरराष्ट्रीय समितीचा हा पहिला निकाल. आईला पुढे भरपाई मिळाली. लेक नाही मिळाली. ते कोणीच नाकारत नाही.

आणि खरी ताकद देशातल्या कोर्टात दिसते. बोत्सवानात परदेशी नवऱ्यापासून झालेल्या मुलांना आईचं नागरिकत्व मिळत नव्हतं, बापाचं मिळायचं. युनिटी डाऊ या वकील बाईंनी ते आव्हान दिलं आणि १९९२ साली जिंकलं. न्यायालयाने घटनेचा अर्थ लावताना आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेतला. भारतात विशाखा प्रकरण. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर तेव्हा कायदाच नव्हता. १९९३ साली मंजूर केलेल्या सीडॉचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मार्गदर्शक नियम घालून दिले आणि कायदा होईपर्यंत तेच कायदा म्हणून चालले. कायदा यायला २०१३ उजाडलं. मधली सोळा वर्षं त्या एका कराराच्या आधारावर निघाली.

पारंबी

कोट, फार नेमकं लिहिलंत.

मी १९९५ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक महिला परिषदेसाठी बीजिंगला गेले होते. म्हणजे बीजिंग नव्हे. सरकारं शहरात बसली होती आणि आम्हा बिगर-सरकारी बायकांना पन्नासेक किलोमीटर लांब ह्वायरोला ठेवलं होतं. तीस हजारांच्या आसपास बायका, तंबू, आणि वरून धो धो पाऊस. चिखलात व्हीलचेअर रुतल्या होत्या. अपंग स्त्रियांच्या हक्कांवरच्या सत्राला अपंग स्त्रियाच पोचू शकत नाहीत, यावर तिथेच निदर्शनं झाली.

आतल्या मसुद्यात जिथे जिथे देशांचं जमत नव्हतं तिथे चौकटी कंस टाकलेले. सकाळी बायका यादी घेऊन बसायच्या: या परिच्छेदाला कुणाचा विरोध, त्या देशाची कुठली प्रतिनिधी ऐकून घेईल, ती कुठल्या बसने येते. बस कुठली हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. अर्ध्या वाटाघाटी त्या बसमध्ये झाल्या असतील. शेवटी १८९ सरकारांनी बारा चिंताक्षेत्रांचा कृती आराखडा एकमताने स्वीकारला. लैंगिकतेबाबत स्वतः निर्णय घेण्याचा स्त्रीचा हक्क ९६ व्या परिच्छेदात टिकला. लैंगिक कलाचा उल्लेख मात्र शेवटच्या रात्री बाहेर पडला. ज्यांनी त्यासाठी वर्षभर काम केलं होतं त्या सकाळी टाळ्या वाजवणाऱ्यांत नव्हत्या.

पण माझ्या लेखी बीजिंगपेक्षा १९९३ ची व्हिएन्नाची जागतिक मानवी हक्क परिषद मोठी. त्याआधी मानवी हक्कांची यंत्रणा फक्त सरकार काय करतं तेवढंच पाहायची. कैद्याला पोलिसाने मारलं तर छळ, बायकोला नवऱ्याने मारलं तर घरगुती बाब. सीडॉच्या मूळ मजकुरातसुद्धा हिंसाचारावर स्वतंत्र कलम नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ती उणीव समितीने १९९२ साली सर्वसाधारण शिफारस क्रमांक १९ काढून भरली: हिंसाचार हाही भेदभावच. त्याच सुमाराला जगभर एक अर्ज फिरत होता. ईमेल नव्हतं. कागदावर सह्या, जिथे सही येत नाही तिथे अंगठे. १२४ देशांतून जवळपास पाच लाख. व्हिएन्नात बायकांनी स्वतःचं न्यायासन भरवलं, एकेकीने उभं राहून आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं. स्त्रियांचे हक्क हे मानवी हक्कांचा अविभाज्य भाग आहेत असं त्या परिषदेने लिहून दिलं, डिसेंबरात आमसभेने स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध जाहीरनामा काढला आणि १९९४ साली श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी या विषयावरच्या पहिल्या विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांसाठी चौकशी करून अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ झाल्या.

सरळरेष

वाचतोय. एक शंका, भांडण म्हणून नव्हे. हे सगळं पाश्चात्त्य चष्म्यातून लादलेलं नाही का? प्रत्येक समाजाची कुटुंबरचना वेगळी, आणि न्यूयॉर्कमध्ये बसून ठरवणार की लग्न कसं असावं?

मेघमल्हारी

सरळरेष, भारताच्या हंसा मेहतांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सर्व पुरुष" च्या जागी "सर्व माणसं" लिहायला लावलं, ही गोष्ट आता प्रत्येक महिला दिनाला येते, ती सोडू. तीन वर्षं मागे जा. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिली जात होती. त्यात स्त्री-पुरुष समानता स्पष्ट लिहा म्हणून हटून बसल्या त्या ब्राझीलच्या बर्था लुत्झ आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिनेर्व्हा बर्नार्डिनो. हा आग्रह नको होता तो अमेरिकेच्या प्रतिनिधी व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह यांना! दक्षिणेच्या बायकांनी मागितलं, उत्तरेच्या बाईंना ते अतिरेकी वाटलं.

२५ नोव्हेंबर हा हिंसाचारविरोधी दिवस कुठून आला? डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहाने मारलेल्या मिराबाल भगिनींच्या स्मरणार्थ तो १९८१ साली बोगोटात लॅटिन अमेरिकी स्त्रीवाद्यांनी ठरवला. संयुक्त राष्ट्रांना तो मान्य करायला १९९९ उजाडलं. आफ्रिकेचा स्त्री-हक्कांवरचा २००३ चा मापुतो प्रोटोकॉल घ्या. ठरावीक परिस्थितीत गर्भपाताचा हक्क स्पष्ट शब्दांत देणारा तो पहिला करार. सीडॉत तसं कलम नाही आणि युरोपच्या हिंसाचारविरोधी इस्तंबूल करारातही नाही.

"आमची कुटुंबरचना" हे कारण सरकारं पुढे करतात तेव्हा मी एवढंच बघते की त्या रचनेतल्या बायकांना कोणी विचारलं का.

काळा कोट

याला जोडून: सर्वाधिक हरकती कलम २ आणि १६ वर आहेत. कलम २ म्हणजे भेदभाव संपवायची मूळ जबाबदारी, कलम १६ म्हणजे विवाह आणि कुटुंब. भारताने १६ बाबत असं निवेदन जोडलंय की कुठल्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय, ढवळाढवळ करणार नाही. पुढाकार समाजातल्या कोणी घ्यायचा, हे त्यात नाही. वास्तविक कलम २८ सांगतं की कराराच्या हेतूलाच छेद देणारी हरकत चालणार नाही. पण ती फेटाळणार कोण? इतर देश फार तर लेखी आक्षेप नोंदवतात.

तरी हरकती सुटतात. मोरोक्कोने २०११ साली काही मागे घेतल्या, ट्युनिशियाने २०१४ साली. दोन्हीकडे तिथल्या स्त्री संघटना वर्षानुवर्षं त्याच एका मागणीला चिकटून होत्या.

अनवाणी

शॅडो रिपोर्टवर काम केलंय म्हणून जरा लांबण लावते.

पहिला गैरसमज: त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची मान्यताप्राप्त संस्था असावी लागत नाही. ती लागते न्यूयॉर्कला, दर मार्चमध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयक आयोगाची बैठक भरते तिथे शिरायला. सीडॉ समितीला कोणतीही संघटना लिहू शकते.

दुसरं, सगळे शेवटच्या टप्प्यावर धावतात. प्रत्यक्ष आढाव्याच्या कितीतरी आधी समिती सरकारला प्रश्नावली पाठवते. आपला प्रश्न तिच्यात घुसला की सरकारला लेखी उत्तर देणं भाग पडतं, आणि ते उत्तर सार्वजनिक असतं. पुढे तेच हातात धरून बोलता येतं. आमच्या वेळी हे कळेपर्यंत प्रश्नावली निघून गेली होती, पण त्याचं पुराण नको.

सत्राच्या आठवड्यात सोमवारी संस्थांना समितीपुढे बोलू देतात, मिनिटं मोजून. एका देशाच्या आघाडीतली एक जण भाषण पाठ करून आली होती. तिच्या आधी बोलणाऱ्याने तिचेच मुद्दे बोलून टाकले. तिने पाठ केलेलं बाजूला ठेवलं आणि एका निवारागृहाच्या दारावरच्या सूचनेतली ओळ वाचली: सात वर्षांवरील मुलगा सोबत असल्यास प्रवेश नाही. एवढं वाचून बसली. आढाव्याच्या दिवशी समितीच्या एका सदस्येने सरकारी शिष्टमंडळाला नेमकं तेच विचारलं, मग आठ वर्षांच्या मुलाला ती ठेवते कुठे? शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी मागच्या रांगेतल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं, त्याने त्याच्या मागच्याकडे. "माहिती लेखी कळवतो." आम्ही मागे बसलेल्या सगळ्या खूश, कारण हे वाक्य नोंदीत गेलं.

समितीच्या शिफारशींत त्यावर एक परिच्छेद आला. शिवाय काही निवडक शिफारशींवर दोन वर्षांतच उत्तर द्यायचं असतं, त्यात तो पडला. नियम बदलला. पण फक्त सरकारी अनुदानावर चालणाऱ्या निवाऱ्यांत. बाकीच्यांत ती पाटी अजून असेल.

मेघमल्हारी, दोन पानांत बारा मुद्दे कोंबू नका. मागच्या आढाव्याची शिफारस काढा, तिचं काय झालं ते लिहा, नियमाचा किंवा परिपत्रकाचा क्रमांक द्या आणि शेवटी सदस्येला जसाच्या तसा विचारता येईल असा एक प्रश्न. त्या लोकांकडे एकाच आठवड्यात किती देशांचे किती गठ्ठे येतात याची कल्पना करा. "पितृसत्ताक मानसिकता" वाचून त्यांचे डोळे पुढच्या पानावर जातात.

उंटावरचा

आमचेही जातात.

तिरकस

निवाऱ्याची गोष्ट पटली. खोटं कशाला बोलू.

पण मग हेही बघा. इस्तंबूल करार, २०११. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध युरोपातला सगळ्यात तपशीलवार करार, सह्यांसाठी खुला झाला तो तुर्कस्तानातच, सर्वात आधी मंजूर केला तोही तुर्कस्ताननेच. मार्च २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने तुर्कस्तान बाहेर पडला. बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. काही उपयोग झाला नाही. आणि कोट, तुमच्या हंगेरीने मनाईहुकूम आणला असेल, पण याच कराराला मंजुरी द्यायला तिथल्या संसदेने २०२० साली नकार दिला.

दुसरं, एप्रिल २०१९. युद्धातल्या लैंगिक हिंसाचारावर सुरक्षा परिषदेचा ठराव २४६७. बलात्कार सोसलेल्या स्त्रियांना लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवा मिळावी हा उल्लेख अमेरिकेच्या नकाराधिकाराच्या धमकीमुळे काढून टाकला. तो आधीच्या ठरावांत मान्य झालेला होता! म्हणजे मिळालेलंही टिकत नाही.

तिसरं, पैशाची बाब आली की करार कसे कडक होतात तेही बघा. व्यापार करारात जकातीबद्दल दिलेला शब्द मोडला तर थेट लवाद. २०१७ साली कॅनडा आणि चिलीने आपल्या व्यापार करारात स्त्री-पुरुष समानतेचं अख्खं प्रकरण घातलं, मोठं कौतुक झालं. वादनिवारणाची यंत्रणा त्या प्रकरणाला लागू नाही. मालाला दात असलेला कायदा, बाईला शुभेच्छापत्र.

मेघमल्हारी

तिरकस, तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि तिसरा तर मी आमच्या गटात वापरणार आहे. फक्त ठराव २४६७ मधून मी उलटा अर्थ काढते. ज्याचा काही उपयोग नाही ते खोडायला महासत्ता नकाराधिकार कशाला उगारेल? त्या उल्लेखाच्या आधारावर मदतनिधी जातो, युद्धभागातल्या दवाखान्यात काय ठेवायचं ते ठरतं. खोडणाऱ्यांना त्याची किंमत पक्की ठाऊक होती.

खटपट्या

कामगार चळवळीतला माणूस आहे, त्यामुळे थोडं वेगळं. तुम्ही सगळे न्यूयॉर्क-जिनिव्हाच्या मानवी हक्क समित्यांबद्दल बोलताय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे कोणी बघत नाही. तिथे प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. चौघांना स्वतंत्र मत. सरकारच्या नाकावर टिच्चून कामगार प्रतिनिधी विरुद्ध मत देऊ शकतो. आणि तिथल्या करारांवर हरकत राखून ठेवताच येत नाही. घ्या तर सगळं घ्या.

घरकामगारांचा करार क्रमांक १८९, जून २०११. अडचण अशी की घरकाम करणाऱ्या बायका बहुतेक देशांत मान्यताप्राप्त युनियनमध्येच नव्हत्या, मग कामगारांच्या बाकावर त्यांना बसवणार कोण? त्यांनी आधी दोन वर्षं आपापल्या देशातल्या मोठ्या युनियनच्या पुढाऱ्यांशी भांडण केलं, की आम्हीही कामगारच, आम्हाला शिष्टमंडळात घ्या. त्या पुढाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरी मोलकरीण होती. सभागृहात या बायका मागच्या रांगेत सल्लागार म्हणून बसल्या. मालकपक्ष म्हणे घर हे कामाचं ठिकाण नव्हे, कामाचे तास मोजणार कसे. मतदान झालं: बाजूने ३९६, विरोधात १६, तटस्थ ६३. साप्ताहिक सुटी सलग २४ तास, पासपोर्ट कामगाराच्याच ताब्यात, या गोष्टी त्यात लिहिल्या गेल्या. पहिली मंजुरी उरुग्वेची.

तिरकस यांनी म्हणायच्या आत मीच म्हणतो: मंजुरी देणारे देश अजून चाळिशीच्या आसपासच आहेत, आणि भारत त्यात नाही. पण २०१९ चा करार क्रमांक १९०, कामाच्या जगातली हिंसा आणि छळ, तो बघा. शिकाऊ उमेदवार, नोकरी शोधणारी, कामावर येता-जातानाचा रस्ता, सगळं त्यात आलंय. १८९ वेळी झालेली ओळखपाळख तिथे कामी आली.

पारंबी

खटपट्या, हे नवीन होतं मला. आत बसायला मिळणं यावर एकच भर घालते. रवांडाच्या नरसंहाराच्या खटल्यात आकायेसू या महापौरावर सुरुवातीला बलात्काराचा आरोपच नव्हता. साक्षीदार बाई दुसऱ्याच गोष्टीबद्दल सांगता सांगता ते बोलून गेली. खंडपीठावर नवी पिल्ले होत्या, त्या न्यायाधिकरणातल्या तेव्हाच्या एकमेव स्त्री न्यायाधीश. त्या विषयावर प्रश्न विचारले गेले, बाहेरून स्त्री संघटनांनी निवेदन दिलं, आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ रोजी बलात्कार हे नरसंहाराचं साधन ठरू शकतं असा निकाल आला. त्याच वर्षी रोम संविधी, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणारा करार झाला, त्यात न्यायाधीशांमध्ये स्त्री-पुरुषांचं न्याय्य प्रमाण असावं असं लिहून घेतलं गेलं. २००३ साली त्या न्यायालयाच्या पहिल्या अठरा न्यायाधीशांत सात बायका होत्या.

सरळरेष

माझ्या शंकेचं अर्धं उत्तर मिळालं. उरलेलं अर्धं असं: मापुतो, बोगोटा वगैरे ठीक, पण तिथे पोचणाऱ्या बायका शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, व्हिसा मिळणाऱ्या. ज्या बाईला निवाऱ्याच्या दारातून परत पाठवलं ती कुठे असते या सगळ्यात?

अनवाणी

नसते. बहुतेक वेळा नसतेच, आणि व्हिसाचा मुद्दा तुम्ही सौम्य मांडलात. मार्चच्या बैठकीसाठी नोंदणी झालेल्या बायकांनाही व्हिसा नाकारला जातो. म्हणून तिची ओळ तरी तिच्याच शब्दांत जावी लागते. आघाड्या मजकूर "सुधारतात" आणि त्यात ती बाई गायब होते. मेघमल्हारी, आघाडीला आत्ताच सांगा, आमचा परिच्छेद कापा, पण आम्हाला न दाखवता पुन्हा लिहू नका.

तिरकस

एक प्रश्न, मग मी गप्प. समजा दोन पानं गेली, परिच्छेद आला. तो परिच्छेद कुठल्या टेबलावर पडणार? समितीच्या शिफारशी ज्या खात्याने अमलात आणायच्या त्या खात्यातल्या बाबूला त्या माहीत तरी असतात का?

काळा कोट

बऱ्याचदा नसतात. परराष्ट्र खात्याला किंवा महिला खात्याला असतात, गृह आणि अर्थ खात्याला नसतात. आम्ही एकदा जिल्हा न्यायालयात समितीची शिफारस जोडली तर समोरच्या वकिलांनी ती कुठल्या कायद्याखाली वाचायची असं विचारलं. न्यायाधीशांनी मात्र प्रत मागून घेतली. त्यामुळे शिफारशी आल्या की त्यांचं आपल्या भाषेत भाषांतर करून वकील संघ, निवारागृहं, पोलीस प्रशिक्षण केंद्र इथे देणं, हेही तुमच्या गटाचंच काम धरा. सरकार करेल म्हणून थांबू नका.

मेघमल्हारी

आज गटाची बैठक झाली. लिहायचं ठरलं, पण बारा मुद्दे बाद. तीनच: कलम १६ वरची हरकत, ऐच्छिक प्रोटोकॉलची मंजुरी, आणि निवाऱ्यांचे प्रवेशनियम. तिसऱ्यासाठी दोघी जणी या आठवड्यात निवाऱ्यांच्या दारांवरच्या पाट्यांचे फोटो काढायला जाणार आहेत. विरोध करणाऱ्यांतल्या एकीने भाषांतराचं काम अंगावर घेतलंय, तिला बाकी काही पटलेलं नाही.

आघाडीचा मसुदा हाती आला की आमची पानं इथे टाकते. कोट, कलम १६ चा परिच्छेद आधी तुम्हाला खासगी निरोपात पाठवते, जरा बघाल का? तिरकस, तुम्हालाही पाठवते. जिथे डोळे पुढच्या पानावर जातील तिथे खूण करा.